अर्धा फोटू

दारावर कुरिअरवाला आला. त्याला "हव, यहीं रख दो" म्हणायला इरावतीने तोंड उघडलं आणि आवाजच फुटला नाही. खाकरून पुन्हा म्हणावं लागलं. तो जिना उतरून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की काल दिवसभरात आपण कुणाशी एक शब्द बोललो नव्हतो. परवा बोललो होतो का, तेही नीट आठवेना.

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर ती एकटी राहायची. घराणं कित्येक पिढ्या इथलंच, छत्तीसगढातलं. नागपूरकर भोसल्यांच्या काळात पूर्वजांपैकी कुणीतरी कारकून इकडे आला आणि परत गेलाच नाही, असं वडील सांगायचे. आता वडील नव्हते. आईला जाऊन दोन दिवाळ्या झाल्या होत्या. धाकटा भाऊ गंधार बंगळूरला होता. तिच्या कंपनीचं एक छोटं ऑफिस पूर्वी पंडरीत होतं, कापडाच्या दुकानांच्या वर. खालून गठ्ठे उतरवणाऱ्या हमालांचा आरडाओरडा वर यायचा, आणि दुपारी सगळे मिळून समोसे मागवायचे. मग ते ऑफिस बंद झालं. बाकीचे हैदराबादला गेले. आई आजारी होती म्हणून इरावती थांबली आणि घरून काम करू लागली. आई गेल्यावर 'आता ये' असं कुणी म्हणालं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

तिचं काम समजायला तसं सोपं होतं. कारखान्यांतल्या मजुरांच्या छातीचे एक्स-रे काढणारी एक गाडी होती. आज सिलतऱ्याला, उद्या उरल्याला, असे तिचे कॅम्प लागायचे. गाडीतलं मशीन फोटो काढायचं आणि इंटरनेटवरून दूरच्या एका सर्व्हरवर पाठवायचं. तिथून तो फोटो क्लाउडमधल्या कायमच्या साठ्यात हलवायचा, म्हणजे कोचीत बसलेले डॉक्टर तो उघडून बघतील, ही मधली ने-आण इरावतीने लिहिलेला प्रोग्राम करायचा. दर थोड्या वेळाने तो सर्व्हरच्या फोल्डरमध्ये डोकावायचा. नवी फाइल दिसली की तिची नक्कल क्लाउडमध्ये टाकायचा, आणि जागा अडू नये म्हणून सर्व्हरवरची मूळ फाइल पुसून टाकायचा. एवढंच. दोन-अडीच वर्षं तो बिनतक्रार चालला होता. इरावतीने त्या फाइलींमधला एकही फोटो कधी उघडून बघितला नव्हता. तिच्यासाठी फाइल म्हणजे एक नाव, एक आकडा आणि येण्याची वेळ.

मार्चमध्ये हैदराबादहून अभिनवचा फोन आला. अभिनव तिचा मॅनेजर, वयाने तिच्यापेक्षा लहान, वागायला बरा.

"इरावती जी, स्टोरेज बहुत भर गया है. पुराने फोटो अलग करके आर्काइव में डाल दीजिए ना."

"करते हैं," ती म्हणाली.

तिने सगळ्या फाइली आकाराप्रमाणे लावल्या. छातीचे फोटो आकाराने साधारण सारखेच असतात. पण यादीच्या अगदी तळाशी काही फाइली फारच लहान होत्या. तिला वाटलं, चाचणीच्या वेळचं काहीतरी राहिलं असेल. पुसण्याआधी बघावं म्हणून तिने पहिली उघडली.

वर गळ्याखालची दोन आडवी हाडं दिसली. त्यांच्याखाली तीन-चार फासळ्या, आणि त्यानंतर सगळं सपाट राखाडी. जणू माणूस काढता काढता कुणी उठून गेलं होतं. डाव्या कोपऱ्यात नाव होतं: देवीदास. वय पंचावन्न. उरला, भट्टी विभाग. त्या उरलेल्या फासळ्यांच्या मागे, अगदी वरच्या बाजूला, कापसाच्या बोळ्यासारखं काहीतरी पांढरं होतं. इरावती डॉक्टर नव्हती. तरी तिने आपला हात नकळत आपल्या गळ्याखाली ठेवला.

दुसरी उघडली. तीही अर्धी. तिसरीत तर नुसते खांदे.

कारण शोधायला तिला संध्याकाळही लागली नाही. उरल्याच्या कॅम्पला गाडी लोखंडी शेडांच्या मधोमध उभी राहिली होती आणि तिथे नेट रडतखडत चालत होतं. एकेक फोटो सर्व्हरवर चढायला फार वेळ घेत होता. पण फाइल यायला सुरुवात झाली, की तिचं नाव फोल्डरमध्ये लगेच दिसू लागतं, भले आत अजून निम्माच मजकूर का पोचलेला असेना. प्रोग्राम आला, नाव दिसलं, तेवढ्या अर्ध्याचीच नक्कल त्याने क्लाउडमध्ये टाकली आणि मूळ फाइल पुसली. मागून येणारा उरलेला भाग नाव नसलेल्या जागेत उतरत राहिला आणि शेवटी तिथेच विरून गेला. गाडीतल्या मशीनला मात्र 'सगळं पोचलं' असाच निरोप मिळाला, म्हणून त्यानेही आपल्याकडची प्रत काढून टाकली. कोचीतल्या डॉक्टरांचं सॉफ्टवेअर अपुऱ्या फाइली उघडतच नव्हतं. त्या 'वाचता न येणाऱ्या'च्या कप्प्यात गेल्या, आणि त्या कप्प्यात बघायचं काम कुणाचंच नव्हतं.

पंडरीच्या ऑफिसात चाचणी केली तेव्हा नेट चांगलं होतं. फाइल आली की चटकन आली. अर्धी फाइल तेव्हा कुणी पाहिलीच नव्हती.

तिने अभिनवला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अरे," तो म्हणाला. "फिक्स हो जाएगा ना?"

"फिक्स तो कल हो जाएगा. पर वो लोग?"

"कौन लोग?"

"जिनके फोटो आधे हैं."

पलीकडे कीबोर्डचा खडखडाट झाला. मग तो म्हणाला, "कॅम्प वालों को मेल डालता हूँ. अगली बार गाड़ी जाएगी तो फिर से निकाल लेंगे."

"अगली बार कब?"

"वो तो शेड्यूल देखना पड़ेगा."

कॅम्पमध्ये मजुरांना काय सांगतात, हे इरावतीने त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. अभिनवने माहिती काढून कळवलं. 'काही निघालं तर फोन येईल', एवढंच सांगतात. म्हणजे फोन आला नाही तर काही निघालं नाही. उरल्याचा कॅम्प दिवाळीनंतर झाला होता. तेव्हापासून ती माणसं आपल्याला काही नाही असं समजून जगत होती.

तिने नंबर मागून घेतले आणि एकेकाला फोन केले. कुणी सुपरवायझरचा नंबर दिला होता, कुणी शेजाऱ्याचा. पण दोन-तीन दिवसांत सगळे सापडले आणि जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन पुन्हा फोटो काढायला तयार झाले. एकच नंबर बंद होता. देवीदासचा.

ती रोज लावून बघायची. रोज तोच रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज, नंबर बंद आहे म्हणून सांगायचा. त्या आठवड्यात गंधारचा फोन आला तेव्हा तिने त्याला हे सांगायला सुरुवात केली. तो गाडी चालवत होता.

"तू इतना क्यों सोच रही है, ताई? तेरी गलती थोड़ी है," तो म्हणाला. लहानपणापासून तिने मराठीत बोलायचं आणि त्याने हिंदीत उत्तर द्यायचं, असंच होतं त्यांचं. "और बाकी? सब ठीक? तेरा फोन नहीं आया तो मैं समझा ठीक ही होगी."

"हव, ठीक आहे," ती म्हणाली.

शनिवारी तिने स्कूटर काढली आणि उरल्याला गेली. ट्रकांच्या रांगा, रस्त्याच्या कडेला काळी धूळ, झाडांची पानंसुद्धा काळी. कितीतरी दिवसांत ती इतक्या आवाजात आली नव्हती. कॅम्प लागला होता त्या रोलिंग मिलच्या फाटकावर तिला कुणी आत सोडलं नाही, पण ठेकेदाराचा मुकादम नरहरी बाहेर चहा पीत उभा होता. देवीदासचं नाव ऐकून त्याने लगेच ओळखलं.

"वो मराठी बबा? वो तो काम छोड़ दिस, दीदी. भट्टी के आगू गिर गे रिहिस."

"कब?"

"जाड़ में, ठंडी के टाइम. अब गुढ़ियारी में रहिथे, मालधक्के के पाछू." मग तिच्याकडे नीट बघून त्याने विचारलं, "रिश्तेदार हो का?"

"नहीं," ती म्हणाली. आणि तिने स्कूटर वळवली.

गुढ़ियारीत मालधक्क्याच्या मागे सिमेंटच्या पोत्यांचे ट्रक उभे होते. त्यांच्यामागे एका ओळीत पत्र्याच्या खोल्या. विचारत विचारत ती शेवटच्या दारापाशी पोचली. दार उघडंच होतं. आत खाटेवर एक हडकुळा माणूस बसून सुरीने काकडी चिरत होता. तिला बघताच त्याने खांद्यावरचा गमछा नाकातोंडावर ओढला.

"किससे काम है?"

"देवीदास तुम्हीच काय?"

मराठी ऐकून त्याची सुरी थांबली. "हव. तुमी मराठी आहात?"

"इथलीच आहे. तात्यापाऱ्यातली."

"मी तुमसरकडचा. या, पण आत नका येऊ. बाहेरच बसा, तो ड्रम आहे पाहा, त्याच्यावर. मले टीबी आहे."

ती उलट्या ड्रमवर बसली. तिने मनात ठरवून आणलेलं सगळं पहिल्याच वाक्यात निकामी झालं होतं.

"तुम्हाला कळलं?" तिने विचारलं.

"कळणार नाही तं काय. पडलो ना भट्टीसमोर. रक्त पडलं तोंडातून. मग सरकारी दवाखान्यात नेलं पोट्ट्यांनी. आता गोळ्या चालू हायेत. आधीपेक्षा बरं आहे." त्याने तिच्याकडे बारीक डोळे करून पाहिलं. "तुमी दवाखान्यातून आल्या काय? गोळ्या वेळेवर घेऊन रायलो मी."

"नाही. दिवाळीनंतर उरल्याला गाडी आली होती ना, फोटो काढायला. त्या फोटोचं काम मी करते."

"आली होती. मी सगळ्यात आधी लाईनीत होतो. खोकला होता म्हणून." तो थांबला. "पण त्यात काही नव्हतं निघालं. फोन येणार होता, नाही आला."

इरावतीने सांगितलं. जमेल तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं. फोटो निघाला होता, पण वाटेत अर्धाच पोचला. अर्धा पोचलाय हे कुणाला कळलं नाही. तो पोचवायचा प्रोग्राम तिने लिहिला होता.

देवीदासने काकडीच्या फोडी बाजूला ठेवल्या.

"म्हणजे आधा फोटू गेला?"

"हो."

"आन् डाक्टरनं पाह्यलाच नाही?"

"नाही."

त्याने सुरी पुसून खाली ठेवली. मागे मालगाडीच्या डब्यांची धडधड झाली आणि थांबली. तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. ती तशाच तयारीने बसली होती.

"मी वाट पायली ना फोनची," शेवटी तो म्हणाला. "आठ दिस पायली, पंधरा दिस पायली. मग म्हटलं, काही नाही आपल्याले, धुळीचा खोकला आहे. माह्या पोरीले बाळ झालं होतं तिकडं तुमसरले. मी गेलो पाहाले. जाण्याआधी फोनवर तिले सांगतलंबी, की फोटू काढला, साफ आहे. मग रायलो तिथं; भट्टीसमोर पडलो ते परत आल्यावर. नातवाले मांडीवर घेऊन बसलो दिवस-दिवस."

इरावती ड्रमवर पुढे सरकली. "बाळ?"

"बाळ चांगलं आहे. तपासलं त्याले. गोळी देऊन रायले, होऊ नये म्हणून. पण मीरा बोलत नाही." मीरा म्हणजे त्याची मुलगी. "म्हणते, बाबा, तुमाले माहीत होतं, तरी तुमी लपवलं. फोटू साफ आहे म्हणून खोटं सांगतलं. मी म्हटलं नाही ना बेटा. तं म्हणते, कोणता डाक्टर इतका मोठा रोग पायत नाही? आता माहा फोन उचलत नाही. तो नंबरच मी बंद करून टाकला. वाजतच नाही तं ठेवाचा काहून?"

तो हे सगळं अगदी साध्या आवाजात सांगत होता. गमछ्याच्या वर त्याचे डोळे तेवढे दिसत होते.

"मला मीराचा नंबर द्या," इरावती म्हणाली.

"काहून?"

"मी सांगते तिला."

त्याला ते पटलं नाही. पोरगी रागीट आहे, तुमाले काहीबाही बोलंल, असं तो दोनदा म्हणाला. पण नंबर त्याला पाठ होता. त्याने तो हळूहळू, एकेक आकडा तोडून सांगितला.

रिंग बराच वेळ वाजली. मग एका तरुण बाईचा आवाज आला आणि मागे बाळाचं कुरकुरणं.

"मीराताई, मी रायपूरहून बोलते. माझं नाव इरावती. तुमच्या वडिलांचा जो एक्स-रे काढला होता ना कॅम्पमध्ये, त्याबद्दल बोलायचं आहे."

"आता काय बोलाचं आहे त्याच्याबद्दल?"

"ते तुमच्याशी खोटं नाही बोलले. त्यांचा फोटो आमच्याकडे अर्धाच पोचला. डॉक्टरांनी तो बघितलाच नाही, म्हणून फोन आला नाही. त्यांना खरंच वाटलं, की काही नाही."

"आमच्याकडे म्हणजे कोणाकडे?"

"माझ्याकडे. तो कॉम्प्युटरचा प्रोग्राम मी लिहिलेला आहे. चूक त्यात होती."

पलीकडे बाळ रडायला लागलं होतं. मीरा त्याला शांत करायचा प्रयत्न करत होती, आणि इरावती फोन कानाशी धरून ते ऐकत होती. मग मीराचा आवाज जवळ आला.

"बाई, तुमाले लेकरू आहे काय?"

"नाही."

"मंग तुमाले नाही समजणार," ती म्हणाली, आणि फोन कट झाला.

देवीदासने विचारलं नाही. त्याला आवाज ऐकू येत होताच. त्याने काकडीची एक फोड मिठात बुडवली, मग काय आठवलं कुणास ठाऊक, ताटली तशीच बाजूला सारली. "तुमाले देलं असतं," तो म्हणाला, "पण माह्या हातचं नका खाऊ."

निघताना तिने आपला नंबर त्याला दिला आणि त्याचा नवा नंबर घेतला. घरी येईपर्यंत ऊन कललं होतं. तिने हातपाय धुतले, जेवणाचं काही केलं नाही, आणि कॉम्प्युटरसमोर बसली.

प्रोग्राम तिने चूक सापडल्याच्या दुसऱ्याच दिवशी सुधारला होता. येणाऱ्या फाइलीला आधी कच्चं नाव द्यायचं, ती पूर्ण आली की मगच पक्कं नाव, आणि प्रोग्रामने फक्त पक्क्या नावांना हात लावायचा. क्लाउडमधली नक्कल मुळाशी तंतोतंत जुळल्याशिवाय मूळ फाइल पुसायची नाही. न जुळणारं काही दिसलं तर गप्प बसायचं नाही, तिला कळवायचं. एवढंसं काम होतं ते. आज ती ते पुन्हा ओळीन् ओळ वाचत बसली. चूक कुठेच नव्हती. तरी ती वाचत राहिली.

सोमवारी तिने अभिनवला सांगितलं, की यापुढे सगळ्यांना फोन जायला हवा. काही निघालं तरी आणि नाही निघालं तरी.

"इतने लोगों को? कौन करेगा, इरावती जी? हमारे पास आदमी नहीं है."

"मी करते. दुपारी."

"आप? आप तो प्रोग्रामर हैं."

"दुपारी मेरे पास टाइम रहता है," ती म्हणाली. हे खरंच होतं.

मग दुपारी जेवण झालं की ती फोन करू लागली. बहुतेक माणसं कामावर असायची, मागे यंत्रांचा आवाज यायचा. "आपका एक्स-रे देखा गया, सब ठीक है," असं ती सांगायची. कुणी "अच्छा अच्छा" म्हणून ठेवून द्यायचं. कुणाला वाटायचं, काहीतरी विकायला फोन केलाय. एकाने विचारलं, "ठीक है, तो फोन काबर करे हस?" मग फोन का केला, ते तिने सांगेपर्यंत त्याने फोन बंद केला होता. एक बाई मात्र रडायलाच लागली. तिचा नवरा छातीच्या रोगाने गेला होता. इरावतीने फोन ठेवला नाही. ती फक्त "हव... हव" म्हणत राहिली, आणि बाई रडून झाल्यावर "चलो दीदी, रखती हूँ" म्हणाली.

रविवारी ती देवीदासला फोन करायची. तो फारसं बोलायचा नाही. गोळ्या घेतल्या, भूक लागते, वजन वाढलं, एवढंच. ती स्वतःबद्दल कधी सांगू लागली तर तो ऐकून घ्यायचा. एकदा तिने आईच्या शेवटच्या आजाराबद्दल सांगितलं, गंधारलाही कधी सांगितलं नव्हतं ते. तो म्हणाला, "माह्या बायकोचंबी असंच झालं." त्या दिवशी फोन बराच लांबला.

मे महिन्यात एका रविवारी त्यानेच फोन केला.

"मीराचा फोन आला होता," तो म्हणाला. "हा नंबर जावयाजवळ होता. जास्त नाही बोलली. जेवता काय, म्हणे. मी म्हटलं, जेवतो."

"बाळ कसं आहे?"

"बसाले लागलं, म्हणे." तो हसला. त्याला हसताना तिने पहिल्यांदाच ऐकलं. "डाक्टर म्हणते, आता माह्यापासून कोणाले होत नाही. मीरा म्हणे, पाहू, तुमाले इकडं आणाचं विचारते घरी."

"चांगलं झालं," इरावती म्हणाली. "खूप चांगलं झालं."

"तुमी फोन केला होता ना तिले," तो म्हणाला, आणि ते वाक्य त्याने तसंच सोडलं.

त्यानंतर दोन रविवार तो बोलला. तिसऱ्या रविवारी फोन लागला नाही. चौथ्यालाही नाही. मग ती गुढ़ियारीला गेली. खोलीत दुसरंच कुटुंब राहायला आलं होतं, दारात लहान मुलीचा फ्रॉक वाळत होता. शेजारच्या बाईने सांगितलं, की त्याचा जावई येऊन त्याला घेऊन गेला. खाटही विकून टाकली.

सरकारी दवाखान्यात तिने चौकशी केली. गोळ्या देणारी नर्स आधी सांगेना. इरावतीने कोण, कुठली ते सगळं सांगितल्यावर तिने कॉम्प्युटरवर बघितलं आणि म्हणाली, त्यांचा इलाज तुमसरला ट्रान्सफर झालाय. तिकडे पहिल्या गोळ्या घेतल्याची नोंदही आली आहे.

"पोहोचले म्हणजे," इरावती म्हणाली.

"हव, पहुँच गए."

"काही निरोप ठेवला होता का त्यांनी? मतलब, कुछ बोलके गए?"

"नहीं मॅडम. जल्दी में थे. बहुत खुश थे."

ती बाहेर आली. ऊन चांगलंच तापलं होतं आणि स्कूटरच्या सीटला हात लावता येत नव्हता. दवाखान्याच्या भिंतीच्या सावलीत ती काही वेळ उभी राहिली. तिला बरं वाटत होतं, मनापासून बरं वाटत होतं, आणि हे आता कुणाला सांगावं याचा ती विचार करत होती. गंधार यावेळी ऑफिसात असेल. अभिनवला सांगण्यासारखं हे नव्हतं.

सीट जरा निवल्यावर तिने स्कूटर सुरू केली आणि स्टेशनच्या रस्त्याने, गर्दीतून हळूहळू, घराकडे निघाली.